वैतरणा नदी आणि मृतांचे वाटाडे

(वर्षावासानिमित्त मनवेलपाडा, विरार येथे धम्मबांधवांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मेलेल्या माणसाला परलोकी कोण घेऊन जातो, या प्रश्नाची प्राचीन धर्मांनी कोणती उत्तरे दिली, हा आजचा विषय आहे. कल्याणाचे काम करणाऱ्या संस्थेत हा विषय कशाला, असे कोणाच्या मनात येईल. आपल्यापैकी बहुतेकांनी घरातली मयत पाहिली आहे. अशा वेळी आपण बौद्ध असलो तरी एखादी वडीलधारी बाई हळूच विचारते, "तोंडात तुळशीचे पान घातले का? सोन्याचा मणी घातला का?" दहाव्या दिवशी कोणीतरी भाताचा घास गच्चीवर ठेवून कावळ्याची वाट बघत बसतो. आपण त्याला नावे ठेवतो, पण त्याच्या मनात काय चालले आहे हे विचारत नाही. ते समजून घ्यायचे तर जरा दूरचा फेरफटका मारावा लागेल.

फेरफटक्याची सुरुवात मात्र घराजवळूनच करू. विरारच्या पुढचे स्टेशन वैतरणा. त्यापुढे सफाळ्याच्या वाटेवर गाडी ज्या पुलांवरून जाते, ती वैतरणा नदी. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावून ती अर्नाळ्याच्या उत्तरेला समुद्राला मिळते. मोडकसागर, अप्पर वैतरणा आणि २०१४ साली पूर्ण झालेले मध्य वैतरणा ही या नदीवरची धरणे मुंबईची तहान भागवतात. आणि हिचे नाव कोणते, तर पुराणांनी यमाच्या दारात नेऊन ठेवलेल्या नदीचे. गरुडपुराणातली वैतरणी शंभर योजने रुंद, पू आणि रक्ताने भरलेली, मगरी-सुसरींनी गजबजलेली आहे. ज्याने जिवंतपणी गाय दान दिली त्याने त्या गाईचे शेपूट धरून तरून जावे, आणि ज्याने दिली नाही त्याने गटांगळ्या खाव्यात, असा तिथला नियम. एकाच नावाच्या दोन नद्या. एक लाखो घरांच्या नळाला येते, आणि दुसरी माणसाच्या मनात वाहते. आज आपल्याला या दुसऱ्या नदीच्या काठाने चालायचे आहे.

प्रथम इजिप्तकडे वळू. तिथे मृताला नेणारा देव अनुबिस. त्याचे तोंड कोल्ह्याचे. स्मशानाभोवती कोल्हे फिरताना लोक पाहत होते, त्यावरून हे रूप सुचले असावे असे अभ्यासक मानतात. अनुबिस मृताचा हात धरून त्याला न्यायाच्या दालनात नेतो. तिथे एक मोठा तराजू असतो. एका पारड्यात मृताचे काळीज आणि दुसऱ्यात सत्याची देवता मात हिचे पीस. थॉथ हा देव निकाल लिहून घेतो. काळीज जड भरले तर मगरीचे तोंड, सिंहाचे पुढचे आणि पाणघोड्याचे मागचे अंग असलेली राक्षसीण ते गिळून टाकते. हलके निघाले तर मृताला ओसिरिस राजापुढे उभे करतात. या प्रवासात कोणत्या दाराशी कोणते शब्द म्हणायचे हे सांगणाऱ्या पोथ्या मृताबरोबर पुरत असत. त्यांना आज आपण 'मृतांचा ग्रंथ' म्हणतो. त्यातल्या काही पोथ्या आधीच लिहून तयार ठेवलेल्या असत आणि मृताच्या नावाची जागा कोरी सोडलेली असे. गिऱ्हाईक आले की नाव भरायचे. ही कोरी जागा तुम्ही लक्षात ठेवा, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

ग्रीकांकडे हे काम दोघांत वाटलेले होते. हर्मिस हा देवांचा निरोप्या. तोच वाटसरूंचा, व्यापाऱ्यांचा आणि चोरांचाही देव. तो मृतांना पाताळातल्या नदीपर्यंत पोचवी. पुढे नदी पार करून देणारा खारॉन नावाचा म्हातारा नावाडी. तो फुकट नेत नसे. त्याची उतराई म्हणून ग्रीक लोक प्रेताच्या तोंडात एक लहानसे नाणे ठेवीत. उत्खननात थडग्यांतून अशी नाणी सापडलेली आहेत. रोमन कवी व्हर्जिल याच्या महाकाव्यात तर ज्यांचे दफन झाले नाही त्यांना नावाडी घेत नाही आणि ते शंभर वर्षे काठावरच भटकतात. आता आपल्याकडचा तोंडात घालायचा सोन्याचा मणी आठवा. ग्रीकांनी आपले पाहिले की आपण ग्रीकांचे, या वादात शिरण्याची गरज नाही. भीती सारखी असली की उपायही सारखे सुचतात.

इराणातल्या प्राचीन झरथुष्ट्री धर्माची कल्पना याहून निराळी आणि फार विचार करण्यासारखी आहे. आपल्याच जिल्ह्यात डहाणू-बोर्डीकडे पारशी समाज पिढ्यान् पिढ्या राहतो, त्यांच्या परंपरेतली ही गोष्ट. मृताचा आत्मा तीन रात्री देहाजवळ असतो आणि स्रोष हा देवदूत त्याचे रक्षण करतो. चौथ्या पहाटे तो चिन्वत पुलाकडे निघतो. तिथे त्याला न्यायला एक तरुणी येते. तो विचारतो, तू कोण? ती म्हणते, मी तुझेच विचार, तुझीच वाणी, तुझीच कृती. ज्याने चांगले केले त्याला ती सुंदर दिसते, ज्याने वाईट केले त्याला भेसूर दिसते. पूलही तसाच, सज्जनाला रुंद आणि दुर्जनाला सुरीच्या धारेएवढा. म्हणजे इथे वाटाड्या बाहेरचा कोणी नाही, माणसाचे स्वतःचे आचरणच समोर उभे राहते.

आपल्या देशातल्या वेदकाळाकडे पाहा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला यम हा रेड्यावर बसून फास टाकणारा नाही. तो सर्वांच्या आधी मेलेला आणि पुढच्यांसाठी वाट शोधून ठेवणारा पूर्वज आहे. त्या वाटेवर सरमेची दोन चार डोळ्यांची कुत्री राखण करतात. वाट चुकलेल्या गुराढोरांना घरी आणणारा पूषन् हा देवही मृतांना सांभाळून नेतो. ही कल्पना साधी, गुराखी समाजाला शोभणारी आहे. पुढे पुराणकाळात तोच यम कोतवाल झाला, त्याचे दूत शिपाई झाले, वाटेत नाके आले, आणि प्रत्येक नाक्यावर काय द्यायचे याची यादी तयार झाली. पहिल्या दिवसापासून तेराव्यापर्यंत पिंड, गाय, छत्री, जोडे, अंथरूण. मृताला वाटेत ऊन लागते म्हणून छत्री, काटे टोचतात म्हणून जोडे. ते वापरायचे मात्र दान घेणाऱ्याने.

मित्रहो, या सर्व कथांत तीन गोष्टी सारख्या आहेत. एक वाट, एक वाटाड्या आणि बहुतेक ठिकाणी एक उतराई. वाट आणि वाटाड्या यांना मी हसणार नाही. ज्या आईचे लहान मूल गेले आहे तिला, ते अंधारात एकटेच कुठेतरी निघाले आहे, हा विचार सहन होत नाही. त्याचा हात कोणीतरी धरला असेल, एवढाच आधार तिला हवा असतो. अनुबिस, हर्मिस, पूषन् हे त्या मायेतून जन्मले आहेत. जिवंत माणसाच्या प्रेमाने मेलेल्या माणसासाठी जी सोबत कल्पिली, ती म्हणजे हे वाटाडे. परंतु दुःखात बुडालेले माणूस घासाघीस करीत नाही, हे चतुर लोकांनी फार लवकर ओळखले. पोथीतली ती कोरी जागा आठवा. वाटाड्याच्या मागोमाग त्याचा दलाल येतो, आणि मग मायेची जागा हिशेब घेतो.

या ठिकाणी आपल्या स्वतःच्या इतिहासातली एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. गोष्टीतले वाटाडे देव झाले. पण गावगाड्यात मृत्यूचे खरे काम कोण करीत होते? कोणी मेले की रात्री-अपरात्री, पावसापाण्यात परगावच्या नातेवाइकांना मयताचा सांगावा नेणे हे महाराचे वतनी काम होते. सरणाची लाकडे स्मशानात पोचवणेही त्याच्याकडे. मेलेली गुरे ओढायची तर तोच. मोबदला म्हणजे बलुत्याचा दाणा, शिळे तुकडे आणि मढ्यावरचे कापड. ग्रीकांनी निरोप्याला देव केले, आपल्या गावाने निरोप्याला अस्पृश्य केले. १८७४ च्या वतन कायद्याने ही बांधिलकी पक्की केली होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात तो बदलण्यासाठी विधेयक मांडले, सभा घेतल्या, वतनाचा मोह सोडा म्हणून समाजाला बजावले. पुढे १९५८ साली कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा झाला. आपल्या पणजोबांनी दुसऱ्यांच्या मेलेल्या माणसांसाठी मैलोन् मैल पायपीट केली, आणि त्यांच्या स्वतःच्या मृत्यूला मात्र मंत्र म्हणायला कोणी येत नव्हते. तेव्हा परलोकाची वाट दाखवणारे लोक इहलोकात माणसाला कसे वागवतात, हे आपल्याला पुस्तकातून शिकण्याची आवश्यकता नाही.

आता तथागतांकडे येऊ. संयुत्त निकायात असिबंधकपुत्त नावाच्या ग्रामप्रमुखाची कथा आहे. तो नालंदेजवळच्या आमराईत भगवंतांना भेटून विचारतो की, पश्चिमेकडचे काही ब्राह्मण आहेत, ते कमंडलू बाळगतात, शेवाळाच्या माळा घालतात, अग्नीची पूजा करतात आणि मेलेल्या माणसाला वर उचलून स्वर्गात पाठवतात. भगवंत, आपण तर सम्यक् संबुद्ध. आपण सगळ्या जगाला मेल्यावर स्वर्गात पाठवू शकाल काय? भगवंतांनी त्यालाच उलट प्रश्न केला. समज, एका माणसाने मोठा धोंडा खोल डोहात टाकला. मग पुष्कळ लोक जमले, त्यांनी हात जोडले, डोहाभोवती फेऱ्या मारल्या आणि धोंड्याला विनवले की बाबा, वर ये, तरंग, काठाला लाग. येईल का तो वर? ग्रामप्रमुख म्हणाला, नाही. मग दुसरे उदाहरण. तुपाचा घडा डोहात फोडला. खापऱ्या बुडाल्या, तूप वर आले. लोकांनी कितीही विनवले की तुपा, खाली जा, तर जाईल का? नाही. हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य यांत आयुष्य घालवणे हा धोंडा, आणि त्यापासून दूर राहणे हे तूप. सगळे वाटाडे आणि सगळे दलाल या एका डोहाच्या काठावर निरुत्तर होतात.

दुसरी कथा आपल्या अगदी शेजारची आहे. इथून जवळच सोपारा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथल्या बुरुड राजाच्या कोटाची टेकडी खणली, तेव्हा विटांचा स्तूप निघाला. मध्यभागी दगडी करंडक, त्यात एकात एक ठेवलेल्या तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांच्या डब्या, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे तुकडे आणि आठ कांस्यमूर्ती. त्याच सोपाऱ्याला पाली वाङ्मयात सुप्पारक म्हणतात. तिथे समुद्रकाठी बाहिय नावाचा एक साधू वल्कले नेसून राहत होता. लोक त्याला फार मानीत. आपण अर्हत झालो असे त्यालाही वाटू लागले होते. तसे नाही हे कळल्यावर तो तडक श्रावस्तीला निघाला. भगवंत भिक्षेसाठी फिरत असताना त्याने त्यांना गाठले. ही वेळ नव्हे असे सांगूनही तो म्हणाला, माझ्या आयुष्याचा भरवसा नाही, आपल्याही नाही, आत्ताच सांगा. भगवंतांनी थोडक्यात उपदेश केला. पाहिलेल्यात फक्त पाहिलेले असू दे, ऐकलेल्यात ऐकलेले, त्यात 'मी' घालू नकोस, असा त्याचा आशय. बाहियाचे मन तिथेच मुक्त झाले. आणि थोड्याच वेळात वासरू असलेल्या एका गाईने त्याला मारून टाकले.

ही कथा उदानात आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. गाईचे शेपूट धरून वैतरणी तरण्याची आशा एकीकडे, आणि गाईच्या शिंगाने मेलेला सोपाऱ्याचा हा माणूस दुसरीकडे. कर्मकांडाच्या हिशेबाने हा दुर्मरणाचाच प्रकार. भगवंतांनी काय केले? भिक्खूंना सांगितले की, हा तुमचा सहप्रवासी आहे, याला बाजेवर घालून न्या, दहन करा आणि याच्यासाठी स्तूप उभारा. भिक्खूंनी काम उरकून आल्यावर विचारले, याची गती काय? तो कुठे गेला? भगवंत म्हणाले, बाहिय शहाणा होता, धम्माप्रमाणे वागला, तो परिनिर्वाण पावला. देहाची विटंबना नाही, सन्मानाने दहन, आठवणीसाठी एक स्तूप, आणि कुठे गेला या प्रश्नाला तो कसा जगला हे उत्तर. बौद्ध अंत्यविधीचा सगळा पाया या प्रसंगात आहे.

विद्यार्थी मित्र इथे शंका काढतील, आणि त्यांनी ती काढलीच पाहिजे. बौद्ध वाङ्मयात नरक नाहीत काय? आहेत. सुत्तनिपातात वस्तऱ्याच्या धारेची वेतरणी नदी आहे. निमी जातकात शक्राचा सारथी मातली निमी राजाला रथातून नेऊन तीच नदी दाखवतो. मात्र निमी जिवंत आहे, आणि सगळे बघून तो परत येतो. पुढच्या काळात दुसऱ्या देशांत तर बौद्धांनीही वाटाडे मानले. तिबेटात मृताला वाट सांगण्यासाठी एकोणपन्नास दिवस ग्रंथ वाचण्याची पद्धत आहे. चीन-जपानात क्षितिगर्भ बोधिसत्त्व नरकातल्या जीवांना आणि गेलेल्या लहान मुलांना सांभाळतो. जपानात तर मरणाऱ्याच्या हातात अमिताभाच्या मूर्तीच्या हातातून आलेला दोरा देत असत. हे लपवण्यासारखे नाही. मघाशी सांगितलेली माया बौद्ध आईलाही असते. ते त्या त्या देशांचे लोकजीवन आहे, आपण त्याचा आदर करावा. परंतु मूळ उपदेश काय होता हेही पाहावे.

मज्झिम निकायात देवदूत सुत्त आहे. त्यात यमराजा आहे, पण तो कोणाला फास टाकीत नाही. तो समोर आलेल्या माणसाला विचारतो, तुला पाच देवदूत भेटले नाहीत काय? माणूस म्हणतो, नाही. यम सांगतो, स्वतःच्या मळमुत्रात पडलेले तान्हे मूल तू पाहिले नाहीस? काठी टेकत जाणारा म्हातारा? दुसऱ्याने उचलल्याशिवाय उठू न शकणारा रोगी? शिक्षा भोगणारा अपराधी? आणि फुगलेले प्रेत? हेच ते देवदूत. मग तो म्हणतो, हे कर्म तुझ्या आईने केले नाही, बापाने नाही, भावाने-बहिणीने नाही, श्रमण-ब्राह्मणांनी नाही, देवांनीही नाही. तूच केलेस. सगळ्या जगाच्या कथांत दूत मेल्यानंतर भेटतात. इथे ते मरणाआधी भेटतात, मनवेलपाड्याच्या रस्त्यावर, इस्पितळाच्या ओसरीवर, आपल्याच घरातल्या खाटेवर. वाटाड्याची भेट भगवंतांनी मरणाच्या पलीकडून अलीकडे आणली. माझ्या आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

दुसरी शंका म्हणजे, आत्मा नाही तर पुनर्जन्म कोणाचा? हाच प्रश्न मिलिंद राजाने केला होता. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मेनँडर. ज्यांच्या पूर्वजांनी हर्मिस आणि खारॉन कल्पिले त्यांचाच वंशज भदंत नागसेनांसमोर बसून विचारतो, काहीही इथून तिथे न जाता पुनर्जन्म कसा? नागसेन म्हणाले, एका दिव्यावर दुसरा दिवा पेटवला, तर पहिल्यातले काही उचलून दुसऱ्यात ठेवले काय? जिथे जाणारा प्रवासीच नाही, तिथे नावाड्याला काम काय उरणार? बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या मूळ इंग्रजी आवृत्तीत या प्रश्नाची सविस्तर चिकित्सा केली आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू ही द्रव्ये मरणाने नष्ट होत नाहीत, पण आत्मा नावाची वस्तू एका देहातून निघून दुसऱ्यात शिरत नाही, अशी त्यांची मांडणी आहे. विद्यार्थ्यांनी ते प्रकरण स्वतः वाचावे आणि त्यावर आपसात वाद करावा.

मग मरणाच्या वेळी माणसाला सोबत नकोच काय? हवी, आणि ती फार हवी. मात्र ती जिवंत माणसाची हवी. अंगुत्तर निकायात नकुलपिता नावाचा गृहस्थ अत्यवस्थ होतो. त्याची बायको नकुलमाता उशाशी बसून म्हणते, मन गुंतवून मरू नका. मी सूत कातीन, लोकर पिंजीन, मुलांना वाढवीन, घर चालवीन. धम्म सोडणार नाही. काळजी करू नका. त्या शब्दांनी नकुलपित्याला असा धीर आला की तो बराही झाला. अनाथपिंडिक शेवटच्या आजारात असताना सारिपुत्त आणि आनंद त्याच्याकडे गेले आणि सारिपुत्तांनी त्याला आसक्ती सोडण्याचा उपदेश केला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. तो म्हणाला, असा उपदेश आम्हा गृहस्थांनाही मिळत जावा, समजणारे लोक आमच्यातही आहेत. पाहा, हे खरे वाटाडे. एक बायको, एक मित्र, एक भिक्खू. आणि आपल्या महाराष्ट्रात १८९० साली महात्मा जोतीराव फुले गेले, तेव्हा दत्तकपुत्राच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला. त्या वेळी सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. त्या दिवशीचा वाटाड्या ती माउली होती.

आता आपल्या विधीविषयी थोडे स्पष्ट बोलतो. दीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची आहे. आपण पिंड सोडला आणि जलदान विधी, पुण्यानुमोदन स्वीकारले. पण अनेक घरांत जलदान म्हणजे मृताच्या आत्म्याला पाणी पाजणे अशी समजूत होऊन बसली आहे. त्या वेळी म्हणतात त्या पाली गाथेत, नद्या भरून सागराला जाऊन मिळतात तसे इथले दान गेलेल्यांना पोचो, अशी भावना आहे. त्यातला जोर दानावर आहे. भांड्यातले पाणी ही खूण, आणि दान ही वस्तू. दान न देता नुसते पाणी ओतले, तर आपण पिंडाचे नाव तेवढे बदलले असे होईल. आणि दान म्हणजे कर्ज काढून घातलेली जेवणावळही नव्हे. बाप गेला म्हणून व्याजाने पैसे उचलून सगळ्या पाड्याला जेवू घालायचे आणि मुलीची फी थकवायची, यात बापाचा सन्मान नाही.

या बाबतीत सम्राट अशोकाचा सल्ला आपल्या दारातच सापडला आहे. सोपारा परिसरात त्याच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे मिळाले. नववा लेख विधींविषयीच आहे. लोक आजारपणात, लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना प्रकारचे मंगलविधी करतात, त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे दास-नोकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राण्यांविषयी संयम आणि दान, असे तो सांगतो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावरच्या लोकांसाठी दगडात खोदलेला हा मजकूर आपल्या प्रत्येक घरातल्या कार्याला लागू पडतो.

म्हणून संस्थेच्या सभासदांना चार सूचना करतो. पहिली, वस्तीत कोणी अंथरुणाला खिळले असेल तर त्याच्याकडे आळीपाळीने जाऊन बसावे, त्याचे ऐकून घ्यावे. रोग्याची सेवा करणे म्हणजे माझी सेवा करणे, असे भगवंतांनी भिक्खूंना सांगितले आहे. दुसरी, मयत झाली की त्या घरी पहिले दोन दिवस चूल आणि पैसा यांची काळजी संस्थेने घ्यावी, म्हणजे त्या घराला सावकाराकडे जावे लागणार नाही. तिसरी, दान मृताच्या नावाने द्यावे, पण जिवंताच्या उपयोगी पडेल असे, म्हणजे पुस्तके, फी, औषध. नेत्रदान तर मृत्यूनंतर चार ते सहा तासांत करावे लागते, म्हणून घरच्यांना आधी सांगून ठेवावे आणि नेत्रपेढीचा फोन क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. चौथी, घरातल्या म्हातारीने तुळशीचे पान मागितले तर तिच्या अंगावर ओरडू नये. तिचा हात हातात घ्यावा आणि तिला बाहियाची गोष्ट सांगावी. भीती वादाने जात नाही, सोबतीने जाते.

शेवटी एक दिवस आठवू. ७ डिसेंबर १९५६. दादरच्या समुद्रकिनारी बाबासाहेबांच्या देहाला बौद्ध पद्धतीने अग्नी दिला गेला. भदंत आनंद कौसल्यायन तिथे होते. पुढे त्याच महिन्यात मुंबईत दीक्षेचा समारंभ व्हायचा होता, पण तो घडवून आणणारे बाबासाहेबच गेले होते. त्या अफाट जनसमुदायातल्या हजारो लोकांनी तिथेच, चितेच्या साक्षीने, त्रिशरण-पंचशील घेतले. बाबासाहेब आता कुठे गेले, असे कोणी विचारले नाही. आता आपण कोठे जायचे, हा प्रश्न त्या लोकांनी स्वतःला विचारला आणि जागच्या जागी उत्तर दिले. रडत रडत दिले, पण दिले. त्यातले कित्येक जण आपले आजी-आजोबा होते. त्यांच्यापैकी जे आज आपल्यात असतील त्यांच्याजवळ बसा, तो दिवस त्यांच्या तोंडून ऐका आणि लिहून ठेवा. विद्यार्थ्यांनी हे काम या वर्षावासातच हाती घ्यावे, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

भवतु सब्ब मंगलं. नमो बुद्धाय. जयभीम.